खऱ्या गुन्ह्यावर हॉरर गेम करताना खेळाडूच्या हाती काय द्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही मित्रांनी मिळून छोटा स्टुडिओ काढला आहे आणि आपल्या भागात काही दशकांपूर्वी घडलेल्या, वृत्तपत्रांत गाजलेल्या एका कौटुंबिक हत्याकांडावर त्यांना हॉरर गेम करायचा आहे. निकालपत्र आणि पंचनामा त्यांनी मिळवला आहे. नावे बदलली म्हणजे पुरेसे होते का, कायदा याबद्दल काय म्हणतो आणि मृतांच्या नातेवाइकांची परवानगी घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे. हॉरर गेम्सचे कथालेखन आणि लेव्हल डिझाइन (गेममधल्या जागांची आखणी) हेच माझे गेल्या अनेक वर्षांचे काम असल्यामुळे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मी गेम कसा घडतो त्या अंगाने देणार आहे. विषय 'चांगला की वाईट' हे आधी ठरवायचे आणि बाकीचे नंतर पाहायचे, या रीतीने हा गुंता सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचा भाग आधी संपवतो, कारण तो तुलनेने स्पष्ट आहे. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकर या खुन्याचे आत्मचरित्र एका तमिळ नियतकालिकाने छापावे की नाही, या वादातून सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्याचा १९९४ चा निकाल या बाबतीत पायाभूत आहे. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या प्रकाशनाला खासगीपणाच्या कारणाने हरकत घेता येत नाही, असे तो निकाल सांगतो. मात्र लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांना बळी पडलेल्या स्त्रीच्या वाट्याला नाव जाहीर होण्याची आणखी अप्रतिष्ठा येऊ नये, असा अपवादही त्याच निकालाने ठेवला आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली, म्हणजे पूर्वीच्या दंडविधानातील कलम २२८-अ खाली, गुन्हा आहे, आणि ती मरण पावली असली तरी हे बंधन सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणखी पुढे जाते : नावाबरोबरच पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारपाजार यांवरूनही मुलाची ओळख पटता कामा नये, असे ते म्हणते. तुमच्या प्रकरणात अशा गुन्ह्याचा अंश असेल, तर प्रश्न नैतिकतेपर्यंत पोहोचतच नाही. फौजदारी वकिलाला गेमची पटकथा दाखवल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

बाकीच्या बाबतीत कायदा बरेच काही करू देतो, आणि खरी जबाबदारी तिथूनच सुरू होते. मृत व्यक्तीचा खासगीपणाचा हक्क तिच्याबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दिवंगत अभिनेत्यावरील चित्रपटाच्या वादात घेतली. म्हणजे ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले, त्या कुटुंबाला कायद्याच्या आधाराने तुम्हाला थांबवता येण्याची शक्यता फार थोडी असते. स्टीमसारख्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांवरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. बेकायदा असलेल्या आणि निव्वळ चिथावणीसाठी केलेल्या गोष्टी वगळता सर्व काही विकू देऊ, असे धोरण स्टीमने जून २०१८ मध्ये जाहीर केले, तेही शाळेतील गोळीबारावरचा एक गेम, अमेरिकेतील पार्कलँड येथील शाळेत तशाच गोळीबारात मेलेल्या मुलांच्या पालकांच्या संतापानंतर, विक्रीपूर्वी काढून टाकावा लागल्याच्या पुढच्याच आठवड्यात. तेव्हा बंधन घालायचे असेल, तर ते तुम्हालाच स्वतःवर घालावे लागेल.

इथे एक बाजूचा वाद दूर सारतो. असे गेम खेळून माणसे गुन्हे करतात का, हा तुमचा प्रश्न नाही आणि माझ्याही उत्तराचा पाया नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथे २००४ मध्ये झालेल्या एका किशोरवयीन मुलाच्या खुनाचे खापर तिथल्या वृत्तपत्रांनी 'मॅनहंट' या गेमवर फोडले होते. पोलिसांनी मात्र लुटीचा हेतू सांगितला, आणि त्या गेमची प्रत सापडली ती मारल्या गेलेल्या मुलाच्या घरी. अनुकरणाच्या भीतीवर उभी केलेली नीती अशी एका पुराव्याने कोसळते. मला काळजी वाटते ती मेलेल्या माणसांची आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांची, आणि ती काळजी गेम खेळून कोणीही बिघडत नाही असे उद्या सिद्ध झाले तरी तशीच राहील.

आता गेमच्या स्वभावाकडे येऊ. कादंबरी किंवा चित्रपट खऱ्या गुन्ह्याला हात घालतो तेव्हा प्रत्येक क्षण लेखक-दिग्दर्शकाच्या ताब्यात असतो. गेममध्ये तो खेळाडूच्या ताब्यात असतो, शिवाय इंजिनच्या, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्याही ताब्यात असतो, आणि इंजिनाला प्रसंगाचे गांभीर्य कळत नाही. ज्यांनी टेस्टिंगच्या खोलीत दिवस काढले आहेत, त्यांना हे दृश्य परिचयाचे असेल : मृतदेह चिंध्यांच्या बाहुलीसारखा सैल पडावा म्हणून रॅगडॉल नावाची यंत्रणा लावलेली असते, देहाचा खांदा दाराच्या चौकटीत अडकतो, फिजिक्सची गणना बिघडते आणि ते शरीर तिथल्या तिथे थडथड उडू लागते. सगळी खोली हसते, आणि हसणाऱ्यांचे काही चुकत नाही. बग नोंदवला जातो, पुढच्या बिल्डमध्ये (गेमच्या चाचणी-आवृत्तीत) दुरुस्त होतो, त्यानंतरच्या बिल्डमध्ये दुसऱ्या खोलीत पुन्हा उगवतो. तो देह एका काल्पनिक पात्राचा असेल, तर प्रश्न मिटला. पण तो अमुक सालच्या अमुक रात्री त्याच खोलीत, त्याच स्थितीत सापडलेल्या बाईचा असेल, तर तुम्ही तिच्या मरणाला अशा अवस्थेत आणून ठेवले आहे की त्याचे काय होईल, हे तुमच्याही हातात उरलेले नाही. प्रदर्शनानंतर तर गेम मॉड करणाऱ्यांच्या, म्हणजे त्यात आपापले फेरफार करणाऱ्यांच्या आणि यूट्यूबवर खेळणाऱ्यांच्या हाती जातो. दचकून ओरडणाऱ्या, मग हसणाऱ्या चेहऱ्याच्या चौकटीखाली तुमचा प्रसंग अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात फिरत राहतो. मृताच्या भावंडांपर्यंत पोहोचलाच, तर तो त्या तुकड्याच्या रूपातच पोहोचेल, तुमच्या संयत प्रस्तावनेसह पोहोचणार नाही.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. हॉरर गेममध्ये मरण ही शिक्षा असते आणि मरणानंतर चेकपॉइंट, म्हणजे जिथून पुन्हा खेळ सुरू होतो ती जागा असते. खेळाडू मरतो, पुन्हा तिथूनच सुरू करतो, पुन्हा मरतो. पाचव्या वेळी त्याला भीती वाटत नाही, कंटाळा येतो, आणि तो बटण दाबून ते दृश्य पुढे ढकलतो. आपल्या व्यवसायात हे सर्वांना माहीत आहे, म्हणूनच मृत्यूची दृश्ये लहान ठेवावीत असे आपण नवशिक्यांना सांगतो. खऱ्या माणसाचा अखेरचा क्षण या यंत्रणेत बसवला की त्याची गत तीच होते : तो आधी धक्का असतो, मग अडथळा होतो आणि शेवटी कटकट होते. त्यामुळे माझे मत ठाम आहे की खऱ्या बळीचे मरण खेळाडूची हार म्हणूनही वापरू नये आणि बक्षीस म्हणूनही वापरू नये, मग लेखन कितीही सहृदय असो.

नावे बदलण्याचा प्रश्न इथे येतो, आणि त्यासाठी एक गाजलेले उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घालून ठार केले आणि नंतर स्वतःला संपवले. त्यावर डॅनी लेडोन या तरुणाने २००५ मध्ये 'सुपर कोलंबाइन मॅसकर आरपीजी!' हा गेम केला. तो हॉरर गेम नव्हे. जुन्या जपानी आरपीजींच्या, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेम्सच्या धर्तीचा, मुद्दाम बाळबोध चित्रांचा गेम आहे. खेळाडू त्यात त्या दोन मारेकऱ्यांच्या भूमिकेत असतो. समोर येणाऱ्या विद्यार्थ्यांना नावे नाहीत. मैदान गाजवणारा मुलगा, नटवी मुलगी अशा ठोकळेबाज प्रकारांत ते विभागलेले आहेत, आणि त्यांना मारले की आरपीजीच्या नेहमीच्या हिशोबाप्रमाणे अनुभवाचे गुण मिळतात. मारेकऱ्यांच्या प्रेतांची खरी छायाचित्रे मात्र गेममध्ये आहेत. अमेरिकेतील स्लॅमडान्स चित्रपट महोत्सवाच्या गेम स्पर्धेत तो अंतिम यादीत आला आणि २००७ च्या सुरुवातीला आयोजकांनी तो काढून टाकला. त्या निषेधार्थ 'ब्रेड' आणि 'फ्लो' यांसारख्या गेम्सच्या कर्त्यांनी आपले गेम मागे घेतले. मी तेव्हाही त्या माघार घेणाऱ्यांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे, कारण निवडलेली कलाकृती विषयाच्या भीतीने बाहेर काढणे चूक होते. लेडोनचा हेतू या घटनेची मुळे समजून घेण्याचा होता, यावरही माझा विश्वास आहे. तरीसुद्धा रचना काय करते ते पाहा. मारेकऱ्यांना नाव आहे, भूतकाळ आहे, संवाद आहेत, मरणोत्तर प्रवासही आहे; बळींना फक्त प्रकार आहे. नावे वगळल्यामुळे बळींचे रक्षण झाले असे वरवर वाटते, पण प्रत्यक्षात त्यांचे माणूसपण तेवढे वगळले गेले. नाव बदलणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा उपाय आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

मारेकऱ्याच्या भूमिकेबद्दल एवढेच म्हणतो की काळ लोटला म्हणून हा प्रश्न आपोआप निवळत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ मध्ये किमान पाच गरीब स्त्रियांचे खून झाले; जॅक द रिपर म्हणून ओळखला जाणारा तो खुनी कधी सापडला नाही, आणि गेम्सच्या जगात तो अजूनही खपतो. 'असॅसिन्स क्रीड सिंडिकेट'च्या २०१५ मधील पुरवणीत काही भाग त्या खुन्याच्या भूमिकेतून खेळता येतो, आणि लोकांत दहशत बसवणे हे तिथे खेळाडूचे हत्यार आहे. त्या स्त्रियांना ओळखणारे आज कोणी जिवंत नाही, त्यामुळे कोणाला थेट इजा होते असे मी म्हणणार नाही. पण खुन्याभोवती वलय आणि बळी म्हणजे पटावरच्या सोंगट्या, हा साचा तिथून उचलून अनेक डेव्हलपर काल-परवाच्या गुन्ह्यांना लावतात, आणि तिथे इजा खरी असते.

मग करायचे कसे? मला माहीत असलेले सर्वोत्तम उत्तर तैवानमध्ये सापडते. रेड कँडल गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये 'डिटेन्शन' हा गेम प्रकाशित केला. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षे लष्करी कायदा होता. बंदी असलेली पुस्तके वाचली, गुपचूप बैठका घेतल्या, एवढ्यावरून माणसे उचलली जात, तुरुंगात टाकली जात, गोळ्या घालून मारली जात. हे गुन्हे राज्यसत्तेने केले होते आणि त्यांत होरपळलेली कुटुंबे आजही तिथे आहेत. कीलुंग येथील एका शाळेच्या मुख्याध्यापकांना निषिद्ध पत्रकाच्या प्रकरणात १९५० मध्ये मृत्युदंड दिला गेला होता, आणि गेमच्या कथेत त्या प्रकरणाचे पडसाद सहज ओळखू येतात. पण गेमची शाळा काल्पनिक आहे, मुलगी काल्पनिक आहे, काळ १९६० च्या दशकाचा आहे. खऱ्या प्रकरणातून घेतले आहे ते त्यावेळचे वातावरण आणि त्या वातावरणात माणसे कशी वागली ते.

खेळाडूच्या हातात काय दिले आहे, ते विशेष पाहा. शाळेच्या अंधाऱ्या मार्गिकेत भुते भटकत असतात आणि तुमच्याकडे शस्त्र नसते. भूत जवळ आले की श्वास रोखायचा, मान वळवून उभे राहायचे, ते निघून गेले की हळूच पुढे सरकायचे. श्वास फार वेळ रोखता येत नाही, म्हणून पावले मोजून टाकावी लागतात. काही ठिकाणी मेलेल्यांसाठी ठेवतात तसा भाताचा वाडगा ठेवून त्यांना गुंतवता येते. कोणीही व्याख्यान न देता, नुसत्या एका बटणाने, खेळाडू तासन्‌तास तेच करत राहतो जे त्या काळात सामान्य माणसे करत होती : आवाज करू नका, बघू नका, दिसू नका. आणि कथेच्या अखेरीस कळते की जिच्या भूमिकेत आपण वावरत होतो, त्या मुलीने स्वतःच्या दुखावलेल्या मनापायी वाचनमंडळातील पुस्तकांची यादी अधिकाऱ्याच्या हाती दिली होती. शेवटचे प्रश्न त्याबद्दलच आहेत. तिने ते कबूल केले तर एक शेवट मिळतो. नाकारले तर ती पुन्हा त्याच शाळेत, त्याच फेऱ्यात अडकते. म्हणजे चेकपॉइंटची जी पुनरावृत्ती एरवी मरणाला स्वस्त करते, तीच इथे अपराध नाकारण्याची शिक्षा झाली आहे. एकाही खऱ्या बळीचे मरण खेळाडूला खेळावे लागले नाही, आणि तरीही तो गेम त्या गुन्ह्याबद्दल तिळमात्र गुळमुळीत बोलत नाही. या वाटेने गेलात तर तुमचा गेम अधिक भीतिदायकही होईल, हे मी कारागीर म्हणून सांगतो. प्रेत पाहून वाटणारी भीती दोन प्रसंगांत विरते, पण आपण गप्प राहिलो होतो ही भीती शेवटपर्यंत पुरते.

इटलीतील व्होल्टेरा येथील मनोरुग्णालयावर आधारलेला 'द टाउन ऑफ लाइट' हा २०१६ चा गेमही अभ्यासावा. इटलीने १९७८ मध्ये कायदा करून अशी रुग्णालये बंद करायला घेतली. तिथल्या ओसाड इमारती कर्त्यांनी हुबेहूब उभ्या केल्या, पण १९३८ मध्ये दाखल झालेली रने ही मुलगी कल्पिली, आणि गेममध्ये राक्षस एकही ठेवला नाही. तिच्यावरील अत्याचाराची दृश्ये मला गरजेपेक्षा अधिक वाटतात, तरी खरी जागा आणि काल्पनिक व्यक्ती ही विभागणी मला पटते. मात्र ती तिथे जमली कारण रुग्णालय ही मोठी संस्था होती आणि तिथे असंख्य माणसे राहून गेली होती. तुमच्या प्रकरणात जागा म्हणजे एका कुटुंबाचे घर आहे. घर हुबेहूब उभे केले की नावे बदलूनही काही उपयोग नाही. ओटीवरून माजघरात जाणारे दार कोणत्या बाजूला होते आणि विहीर परसात होती की पुढच्या अंगणात, एवढ्यावरून गावातले म्हातारे माणूस ते घर ओळखेल.

आणि तुमच्याकडे पंचनामा आहे, त्याबद्दल स्पष्टच बोलतो. पंचनाम्यात घटनास्थळाच्या मोजमापांबरोबर खोलीतल्या वस्तूंची यादी असते, आणि लेव्हल डिझायनरच्या हाती असा कागद पडला की मोह आवरणे कठीण जाते. चुलीवर राहिलेले पातेले, खुंटीवरचा सदरा, कोपऱ्यातले दप्तर : वातावरणातून गोष्ट सांगण्यासाठी याहून बोलके साहित्य कुठे मिळणार? पण गेममध्ये अशा वस्तूचे काय होते? खेळाडू ती उचलतो, फिरवून पाहतो, 'बारापैकी तीन सापडल्या' अशी नोंद पडद्यावर झळकते आणि सगळ्या सापडल्या की ट्रॉफी मिळते. एका मेलेल्या मुलाची वही अशी मोजणीत जाऊ देऊ नका. पंचनामा वाचायचाच असेल, तर पोलीस किती वाजता आले, शेजाऱ्यांनी आधी काय ऐकले होते, तक्रार कोणी नोंदवून घेतली नाही, हे समजून घेण्यासाठी वाचा आणि वस्तू स्वतःच्या कल्पनेतून निर्माण करा.

'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी लावू नका. तपासाचा आणि खटल्याचा प्रत्येक दुवा सिद्ध असेल तरच ती पाटी प्रामाणिक ठरेल, आणि सिद्ध असेल तर वर सांगितलेल्या सर्व कारणांनी ती क्रूर ठरेल. 'फेटल फ्रेम' हा जपानी गेम अमेरिकेत विकताना ही ओळ वेष्टनावर छापली गेली होती, आणि तिच्यामागे दंतकथेपलीकडे ठोस काही नव्हते. तुम्ही घटना, गाव आणि साल बदलल्यावरही जाहिरातीत त्या प्रकरणाकडे सूचक बोट दाखवणार असाल, तर बदलण्यात काहीच अर्थ उरत नाही. प्रेक्षक दहा मिनिटांत इंटरनेटवर शोधून काढतील आणि मग त्या कुटुंबाच्या घराबाहेर फोटो काढायला जातील.

आता परवानगी. कायद्याने ती बहुधा लागणार नाही, तरीही विचारावे, आणि विचारण्याची वेळ सुरुवातीची असावी, ट्रेलर तयार झाल्यानंतरची नसावी. थेट दारात जाऊन उभे राहू नका; त्या कुटुंबाला ओळखणाऱ्या, त्यांचा विश्वास असलेल्या माणसामार्फत, लेखी, दोन पानांत, गेम म्हणजे काय आणि खेळाडू त्यात काय करेल हे स्पष्ट सांगून विचारा, कारण साठी-सत्तरीतल्या माणसाला 'गेम' म्हटल्यावर पोरखेळच डोळ्यांपुढे येतो आणि त्याने दिलेला होकार किंवा नकार मग वेगळ्याच गोष्टीला दिलेला असतो. नातेवाइकांत मतभेद असतील हे गृहीत धरा. एका चुलतभावाची सही म्हणजे कुटुंबाची संमती नव्हे. होकाराच्या बदल्यात पैसे देऊ करू नका, त्यामुळे नकार देणे अवघड होते. उत्तर आले नाही, तर तो नकार समजा. आणि नकार आला, तर घर, गाव, काळ, कुटुंबाची रचना आणि हत्येची पद्धत बदलून, शेजाऱ्यांचे मौन किंवा पोलिसांची दिरंगाई असा जो भाग त्या प्रकरणातून खरोखर सांगावासा वाटतो तेवढाच ठेवून, नव्याने लिहायला बसा. एवढे बदलल्यावरही त्या लोकांना तो गेम आपलाच वाटत असेल, तर तो करू नये, असे माझे मत आहे.